रोग लावणारा माणूस

माझ्या लग्नात, अक्षता पडून पाच मिनिटंही झाली नव्हती, तोच आमच्या थोरल्या साडूंनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "मास्तर, तुमच्या भागात गेल्या पावसाळ्यात टिक्का कसा होता?"

मी मुंडावळ्यांखाली हात घालून कपाळ चाचपलं.

"तो नव्हे हो. भुईमुगावरचा."

घरी चार एकर जमीन असून मी तिच्याकडे कधी वळून बघितलेलं नव्हतं. पण नव्या नात्यात पहिल्याच दिवशी अडाणीपणा दाखवू नये, म्हणून दडपून म्हणालो, "फार नव्हता." माझ्या मते मी चांगली बातमी दिली होती. साडूंचा चेहरा मात्र पडला. "अरेरे! आमच्याकडेही नव्हता," असं म्हणून ते पंगतीकडे असे चालू लागले, की बघणाऱ्याला वाटावं देण्याघेण्यावरून काहीतरी बिनसलंय. माझे मामा तर चौकशीलाही आले.

नंतर बायकोकडून उलगडा झाला. साडू कृष्णाकाठच्या एका संशोधन केंद्रात आहेत, त्यांच्या खोलीवर 'भुईमूग पैदासकार' अशी पाटी आहे, आणि ज्या वर्षी रोग येत नाही ते वर्ष त्यांचं फुकट जातं. 'पैदासकार' हा सरकारी मराठीतला शब्द. ब्रीडर म्हटलं की बरं वाटतं, पैदासकार म्हटलं की ऐकणारा खालच्या आवाजात "कशाचे?" असं विचारतो. साडूंच्या मुलानं शाळेत 'माझे बाबा' या निबंधात 'माझे बाबा पैदास करतात' असं लिहिलं होतं आणि त्याच्या बाईंनी ते वाक्य लाल शाईनं खोडलं होतं. वस्तुतः त्या निबंधात खरं असं तेवढंच वाक्य होतं.

टिक्का म्हणजे भुईमुगाच्या पानावरचे ठिपके. त्यात दोन जाती आहेत हे मला त्यांच्या घरी जेवता जेवता कळलं. लवकर येतो तो तपकिरी, भोवती पिवळी कडा असलेला. उशिरा येतो तो काळा कुळकुळीत, आणि पानाच्या पाठीवर जास्त गडद. दोन्ही बुरशीचेच प्रकार. तिसरा तांबेरा, त्याच्या नारिंगी पुटकुळ्या पानाच्या खालच्या अंगाला येतात आणि बोटाला गंजासारखी पूड लागते. ठिपक्यांनी पान गळतं. तांबेऱ्यानं वाळतं, पण झाडाला लटकून राहतं. "म्हणजे लांबूनसुद्धा ओळखता येतं," साडू म्हणाले, "झाड उघडं पडलं तर टिक्का, अंगावर चिंध्या असतील तर तांबेरा." हे सांगताना त्यांनी नमुन्यादाखल पापडाचा तुकडा वर धरला होता. दोन्ही रोग एकदम आले तर निम्मं पीक सहज जातं. शेंगा भरायच्या वेळेलाच झाडावर पान नसतं, मग दाणा भरणार कशाच्या जोरावर?

आता ज्याला रोगाला दाद न देणारं झाड शोधायचंय त्याला आधी रोग पाहिजे, हे एकदा समजलं की साडूंच्या निम्म्या वागण्याचा अर्थ लागतो. उरलेल्या निम्म्याचा माझ्या मेव्हणीलाही तीस वर्षांत लागलेला नाही.

सगळी दुनिया रोग जावा म्हणून धडपडते. हा माणूस पगार घेऊन रोग लावतो. त्यांच्या प्लॉटमध्ये दर काही ओळींनंतर टीएमव्ही-२ या वाणाची एक ओळ असते. तमिळनाडूतल्या तिंडिवनमचं हे १९४० सालचं वाण. एके काळी देशभर गाजलेलं, पण टिक्का आणि तांबेरा या दोघांनाही दार सताड उघडं ठेवणारं. गावात एखादं घर असतं, तिथं सर्दीची साथ आधी येते आणि तिथून सगळ्या आळीत जाते, तसं. या ओळींवर साडू स्वतः रोगट पानांचं पाणी फवारतात, तांबेऱ्याची पूड ब्रशनं झाडून पसरतात आणि पानं रात्रभर ओली राहावीत म्हणून संध्याकाळी तुषार सुरू करतात. शेजारचे शेतकरी फवारणीचा पंप पाठीला लावून रोग मारत असतात, तेव्हा बांधापलीकडे साहेब पंप पाठीला लावून रोग पेरत असतात. गावात आधी त्यांच्याविषयी बरंच बोललं जायचं. आता लोकांनी सोडून दिलंय.

हे रोगट पान आणायचं मात्र बाहेरून. एकदा ऑगस्टमध्ये मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मिरजेला निघालो होतो. वाटेत एका रानाशी त्यांनी कचकन ब्रेक लावला. भुईमूग होता आणि त्याची दशा माझ्यासारख्यालाही कळावी अशी होती. पानंच्या पानं काळी ठिक्कर. साडू बांध ओलांडून आत गेले, गुडघ्यावर बसले, एक फांदी हळूच उचलली आणि भक्तानं पंढरपुरात म्हणावं तसं म्हणाले, "वा! काय सुंदर आहे!"

मागे शेतकरी उभा होता.

पुढचा संवाद सगळा छापण्यासारखा नाही. "माझं रान जळालं आन् तुमाला सुंदर दिसतंय व्हय?" हे त्यातलं सर्वांत सौम्य वाक्य. साडू बिचारे त्याला समजावत होते, की इतका एकसारखा टिक्का आपण वीस वर्षांत पाहिलेला नाही, आणि शक्य असेल तर एक पोतंभर पाला मिळाला तर उपकार होतील. शेतकऱ्यानं आकाशाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी ओळख नसल्यासारखा स्कूटरचा आरसा पुसत होतो. शेवटी त्यानं पाला दिला. रागानंच दिला, पण दिला. साडूंनी मँकोझेब कधी आणि किती फवारायला हवं होतं ते सांगितलं. "ते ठावं हाय मला," तो म्हणाला, "पर तवा पाऊस उघडला का?" साडू गप्प झाले. या प्रश्नाला उत्तर फवारणीच्या डब्यावर नसतं, बियाण्यात असावं लागतं, आणि ते आणून देणं हे आपलं काम आहे, असं त्यांनी मला परतताना सांगितलं. बोलताना मान मागे वळवून सांगितल्यामुळे आम्ही दोनदा साईडपट्टीवर उतरलो. पोतं माझ्या मांडीवर होतं. मिरजेचं काम राहिलं.

याच शेतकऱ्याची आणि त्यांची पुढे दाट मैत्री झाली. ते पुढे येईलच.

साडूंची दुसरी खोड म्हणजे गुण देणं. पानावरचा रोग मोजायला एक ते नऊ अशी मोजपट्टी असते. एक म्हणजे रोग नाही. नऊ म्हणजे पाचातली चार पानं गेली, आता झाडाला श्रद्धांजली वाहावी. तीस वर्षं ओळीओळीतून वाकून हे आकडे लिहीत गेल्यामुळे साडूंना जगात दुसरी मोजपट्टी उरलेली नाही. चहा, रस्ते, भाषणं, मुलीला आलेली स्थळं, सगळं एक ते नऊमध्ये बसतं, आणि कमी तेवढं चांगलं. पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले तेव्हा आमच्या हिनं हौसेनं दाण्याची आमटी केली होती. "कशी झालीय भाऊजी?" साडूंनी डोळे मिटून घोट घेतला आणि म्हणाले, "तीन."

आमची ही दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मेव्हणीचा फोन आला, की तीन म्हणजे फार वरचा गुण आहे, तिला स्वतःला लग्नापासून आजवर चारच्या खाली काही मिळालेलं नाही. मग त्या दोघींचं आपसात बिनसलं.

त्यांच्या वहीत 'एक' मात्र कधी दिसत नाही. "एक देणारा माणूस एकतर खोटं बोलतो, नाहीतर त्यानं पान उलटून बघितलेलं नसतं."

जुलैमध्ये त्यांच्याकडे जाऊ नये. त्या काळात ते माणसांत नसतात. भुईमूग पेरून पंचवीस-तीस दिवस झाले की पिवळी फुलं लागतात, आणि हे फूल म्हणजे घरकोंबडं. बाहेरच्याशी संबंध ठेवत नाही. कळीत आतल्या आतच परागण उरकून सकाळी उमलतं. दोन वाणांचा संकर करायचा तर आदल्या संध्याकाळी, उद्या उमलणारी कळी नेमकी ओळखून, चिमट्यानं ती उकलायची आणि आतले परागकोष एकेक करून उपटायचे. याला पुस्तकात भारदस्त शब्द आहे. केंद्रावर सगळे 'खच्ची करणं' म्हणतात. दुसऱ्या दिवशी उजाडताच दुसऱ्या वाणाचे पराग आणून त्या कळीच्या मुखाशी लावायचे आणि ओळखीसाठी रंगीत दोरा बांधायचा. त्या झाडावरची बाकीची फुलं रोज खुडायची, नाहीतर कुणाचं बाळ कुणाचं ते कळणार नाही. फुलाचा जो दांडा दिसतो तोही दांडा नव्हे, फुलाचीच लांबलेली नळी. जरा जोर पडला की तुटते आणि बारा वर्षांच्या कामाची सुरुवातच मोडते.

एकदा आम्ही नेमके त्याच दिवसांत गेलो. जेवायला माझी सासू होती, मेव्हणीच्या नणंदेकडची पाहुणी होती. केंद्रावरून फोन आला. साडू मोठ्यानं म्हणाले, "आज किती खच्ची केले? चाळीस? बास? काल तर साठ केले होते!" पाहुण्या बाईंनी ताटातला हात थांबवला. "आणि हो, सकाळी सहाला सगळ्यांची लग्नं लावायचीत, उशीर नको." त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. पुढे त्यांच्या भाच्याचं स्थळ आलं होतं तेही मागे फिरलं, पण त्याला साडूंनी आधीच सात दिले होते.

हे चाळीस करणारे साडू नव्हेत. ते काम केंद्रावरच्या बायका करतात. त्यातल्या एक मावशी वीसेक वर्षं हेच करत आलेल्या. चिखलात छोट्या स्टुलावर बसून, तोंडातलं पान न थांबवता, दोन बोटांनी कळी अशी उकलतात की वाटतं कळीच कंटाळून उघडली. साडूंच्या हातून दहातली चार-पाच जमतात, मावशींच्या हातून सातच्या वर. पेपरात साडूंचं नाव येतं. हे त्यांना स्वतःलाही टोचतं. आभाराच्या ओळीत मावशींचं नाव घालावं म्हणून त्यांनी एकदा भांडणही केलं होतं. मावशींचा यावर अभिप्राय असा, की "पेपरात आलं तर रोज वाढतुया का?"

लग्नं लावायची तर स्थळं पाहिजेत, आणि साडूंइतका स्थळांचा अभ्यास कोल्हापूर-सांगलीतल्या कुठल्याही वधूवर सूचक मंडळाचा नसेल. एका बाजूला टॅग-२४. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणोत्सर्गातून घडलेल्या वाणांच्या घराण्यातलं, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर मिळून १९९१ साली आलेलं. अंगानं ठेंगणं, शेंगा मुळाशी गच्च, उत्पन्न भरपूर. "पण टिक्का आला की दोन आठवड्यांत नागडं." दुसऱ्या बाजूला धारवाडचं जीपीबीडी-४. तांबेऱ्याला आणि उशिरा येणाऱ्या टिक्क्याला ठाम. त्याच्या अंगात हा ठामपणा आला कुठून, तर बोलिव्हियातून. तिथं कार्डेनासाय नावाचा एक रानटी भुईमूग आहे. त्याला गुणसूत्रं वीस. आपल्या लागवडीच्या भुईमुगाला चाळीस, कारण हा मुळात दोन रानटी जातींच्या हजारो वर्षांपूर्वीच्या संकरातून झालेला. म्हणजे लग्न सहजी जमण्यासारखं नव्हतं. शास्त्रज्ञांनी खटपटी करून जमवलं, त्याच्या वंशजांचं बी देशोदेशी फिरलं, आणि आज जगात जिथं जिथं तांबेऱ्याला न जुमानणारा भुईमूग उभा आहे तिथं बहुधा या बोलिव्हियन आजोबांचं रक्त असतं.

"मग प्रश्न काय राहिला? आजोबांचं रक्त घ्या आणि मोकळे व्हा," मी म्हणालो.

"मास्तर, मुलगी चांगली म्हणून करून आणावी, तर तिच्याबरोबर तिचे दोन मामा राहायला येतात. तसं आहे हे." हवा असतो रोगाला अडवणारा गुण, त्याला चिकटून जाड टरफल येतं, बारका दाणा येतो, पंधरा दिवस उशिरा पिकणं येतं. मामांना घालवायचं आणि मुलीला ठेवायचं, यात पिढ्यामागून पिढ्या जातात. टिक्का पावसाळ्यातच येतो, म्हणून उन्हाळी हंगामात एखादी पिढी पुढे ढकलता आली तरी रोगाची परीक्षा वर्षातून एकदाच होते. संकरापासून वाण बाहेर पडेपर्यंत दहा-बारा वर्षं. साडूंच्या पहिल्या संकराला आणि त्यांच्या पहिल्या मुलीला एकाच महिन्यात सुरुवात झाली होती. मुलगी इंजिनियर झाली, नोकरीला लागली. संकर तेव्हा चाचणीच्या दुसऱ्या वर्षात होता.

पुढे केंद्रावर एक तरुण सहकारी आला. तो पानाचा तुकडा नळीत घालतो आणि रोग यायच्या आधीच सांगतो की गुण आला की नाही. खोटं नाही ते. टॅग-२४ आणि जीपीबीडी-४ याच जोडीच्या संततीवर काम करून हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेत आणि धारवाडला शोधून काढलं, की तांबेऱ्याच्या बाबतीतला झाडाझाडांतला ऐंशी टक्क्यांच्या आसपास फरक गुणसूत्राच्या एका छोट्या पट्ट्यात बसलेला आहे. तो पट्टा नळीतल्या खुणांवर नजर ठेवून जेएल-२४, टॅग-२४ आणि आणखी एका वाणात घालून दाखवल्याचं २०१४ साली छापूनही आलं. साडूंनी तो पेपर चार वेळा वाचला, पेन्सिलनं खुणा केल्या आणि कौतुकानं सगळ्यांना दाखवला. मग रात्री जेवताना एकदम म्हणाले, "पण त्या पोराच्या नखात माती नसते हो." माझ्या मते यात मत्सर कमी आणि एकटेपणा जास्त होता. पण मी मराठीचा मास्तर. मला सगळ्यातच भावार्थ दिसतो.

प्रतिकारक्षम आणि सहनशील यांतला फरकही त्यांनीच समजावला. "प्रतिकारक्षम म्हणजे पाहुण्याला दारातूनच परत पाठवणारा. सहनशील म्हणजे पाहुणा येऊन आठ दिवस राहिला तरी घरखर्च, मुलांची शाळा, दूधदुभतं सगळं ठीक चालू ठेवणारा. शेतकऱ्याला दुसराही चालतो. पान डागाळू दे, शेंग भरली पाहिजे." आम्हाला त्यांच्याकडे येऊन तेव्हा आठच दिवस झाले होते. हिनं रात्रीच बॅग भरली.

आता चटणीची गोष्ट. निवडलेल्या झाडांचं बी कागदी पाकिटांत भरून ठेवतात. पाकिटावर आकडे, रेघा, तिरक्या रेघा. एका संक्रांतीच्या आधी पावसाचे ढग आले म्हणून केंद्रावरून काही पाकिटं घरी आणून साडूंनी माडीवर वाळत टाकली होती. घरातले दाणे संपलेले. मेव्हणीनं वर जाऊन बघितलं, कागदात बांधलेले स्वच्छ दाणे दिसले. तिला वाटलं, यजमानांना कधी नव्हे ती घराची आठवण झाली. तिनं चौदा पाकिटं फोडली, दाणे खमंग भाजले, लसूण-तिखट घालून खलबत्त्यात चटणी कुटली आणि भाकरीबरोबर वाढली.

साडूंनी पहिला घास खाल्ला. दुसरा खाल्ला. "आज दाणे कुठले?"

"तुम्हीच आणलेत की माडीवर."

मी समोर होतो. माझी खात्री होती की आता ताट उडणार. सहाव्या पिढीचं बी होतं ते. सहा पिढ्यांचे पावसाळे त्या खलबत्त्यात कुटले गेले होते. साडू बराच वेळ चटणीकडे बघत राहिले. मग उठले, हात न धुता वही आणली आणि लिहिलं. मी मान लांब करून वाचलं: 'तेल भरपूर. चव चांगली. सालीचा कडवटपणा नाही.' नंतर मेव्हणीला विचारलं, "सगळी एकत्र कुटलीस? वेगवेगळी कुटली असतीस तर ओळवार चव मिळाली असती."

शहाणा पैदासकार सगळं बी एका ठिकाणी ठेवत नाही; प्रत्येक पाकिटातलं निम्मं केंद्रावर जपलेलं होतं. तरी त्या रात्री ते माडीवर बराच वेळ येरझाऱ्या घालत होते, असं मेव्हणीनं सांगितलं. त्या दिवसापासून तिनं भुईमुगाच्या दाण्याला घरात कधी आपण होऊन हात लावला नाही. आधी विचारते, "हा खायचा, की पेरायचा?"

त्या चौदांतलीच एक ओळ पुढे खरी ठरली. टिक्क्याला चार, तांबेऱ्याला तीन, काढणीच्या दिवशीही झाड हिरवंगार. केंद्रावर शिवारफेरी ठेवली. साडूंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. जमलेल्यांत तो मिरजेच्या वाटेवरचा शेतकरीही होता, सुंदर टिक्केवाला. शेजारी नेहमीचं वाण काळवंडून उभं आणि मधोमध ही हिरवी ओळ. साडू काही बोललेच नाहीत. नुसता हात केला. लोक हरखले. तो शेतकरी मात्र पुढे आला, एक झाड उपटलं, माती झटकली, शेंगा मोजल्या, एक दाताखाली फोडली, टरफल बोटावर तोललं आणि म्हणाला, "पाला झकास हाय साहेब. म्हसरं खूश हुतील."

सगळे हसले. साडूही हसले, पण उशिरा. शंभर किलो शेंगांतून सत्तर किलोच्या जवळपास दाणे निघाले पाहिजेत, तरच बाजारात भाव. या ओळीचा उतारा साठीच्या आसपासच अडकला होता. मामा अजून घरातच होते. त्या रात्री साडूंनी त्या शेतकऱ्याला जेवायला बोलावलं आणि दोघं बारापर्यंत टरफलाच्या जाडीवर बोलत बसले. पुढच्या जुलैत त्या ओळीचं टॅग-२४शी पुन्हा लग्न लावलं.

त्यांचं सगळं आयुष्य असं एक पाऊल अलीकडे थांबलेलं आहे. नव्या संकरातून निघालेली ओळ चाचण्यांत उतरली. पहिल्या वर्षी तुलनेच्या वाणापेक्षा जास्त उत्पन्न. मी अभिनंदन केलं. "थांबा, जास्त आहे, पण जास्त म्हणता येत नाही." म्हणजे? म्हणजे संख्याशास्त्रात 'सीडी' नावाची एक मर्यादा असते. तिच्या आतला फरक हा जमिनीच्या उंचसखलपणाचा, उंदरांचा किंवा नशिबाचा असू शकतो. "सीडीच्या आत आहे हो." मी शाळेत तीस वर्षं निकाल लावले, जास्त असून जास्त नाही हा प्रकार मला तिथं भेटला नव्हता. दुसऱ्या वर्षी फरक मर्यादेच्या बाहेर गेला, पण रानडुकरांनी दोन वाफे उकरले आणि सगळी चाचणीच बाद झाली. तिसऱ्या वर्षी पाऊसच असा कोरडा गेला की टिक्का आला नाही. सगळ्या ओळींना दोन. "वर्गातल्या सगळ्या पोरांना पंचाण्णव पडले, आता स्कॉलरशिप कुणाला द्यायची?" असं म्हणून त्यांनी त्या ऑगस्टात दाढी करणं सोडलं.

समजा, वाण बाहेर पडलंच, तरी ते शेतकऱ्यापर्यंत पोचायला पुन्हा वर्षं. हेक्टरी शंभर किलोच्या वर दाणे पेरायला लागतात आणि एकाचे जेमतेम आठ-दहा होतात. ज्वारीचं मूठभर बी गावाला पुरतं. भुईमुगाची पोती लागतात. म्हणून तर १९७८च्या सुमारास आलेलं जळगावचं जेएल-२४ अजून कुठं कुठं पेरलं जातं आणि एसबी-११ तर त्याहून म्हातारं. जेएल-२४वर साडूंचं विशेष प्रेम. खानदेशातलं हे पोरगं आफ्रिकेत गेलं. मलावीत त्याला 'काकोमा' म्हणतात, झांबियात 'लुएना'. "आपल्या जळगावचं आहे, नाव बदलून राहतंय तिकडं," असं ते अभिमानानं सांगतात आणि मग थोडा वेळ गप्प बसतात. आपल्या ओळीला नाव मिळालं तर काय ठेवायचं हेही त्यांनी ठरवलेलं आहे. सांगत नाहीत. मेव्हणीला वाटतं तिचं नाव असेल. मला वाटतं मावशींचं.

दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. निरोपसमारंभात खुद्द त्या तरुण सहकाऱ्यानं सांगितलं, की साहेबांच्या ओळीत पट्टाही सापडला आहे आणि उतारा अडुसष्टपर्यंत आलाय. मावशींनी शाल घातली. साडूंना भाषण करायला सांगितलं तर उभे राहून म्हणाले, "प्लॉट तीनची संध्याकाळची पाळी चुकवू नका, यंदा हवा चांगली आहे," आणि बसले. ओळ अजून चाचणीत आहे. तिला नाव नाही, नंबर आहे.

सध्या ते घरामागच्या दोन गुंठ्यांत पेरतात. कडेनं टीएमव्ही-२ची ओळ, मध्ये काय आहे ते विचारू नये. मिरजेच्या वाटेवरच्या मित्राच्या रानातही तेच काहीसं उगवलेलं आहे आणि ते बी खिशातून सांडलं असावं, असं दोघंही सांगतात. फुलांच्या आऱ्या सुटून जमिनीत शिरायच्या सुमाराला रविवारी गेलात तर पिकावरून रिकामं पिंप फिरवायला लावतील, त्याची तयारी ठेवा. ऑगस्टनंतर जाणार असाल तर पेढे, फुलं, फळं काही नेऊ नका. वाटेत कुणाच्या रानात टिक्का पडलेला दिसला तर मालकाला विचारून चार फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून न्या. तांबेरा असेल तर वेगळ्या पिशवीत. आणि मालकासमोर 'सुंदर' म्हणू नका.